वॉल्व्ह दाराबाहेर हवा

८ जून

ताई,

वर ‘तीर्थरूप’ लिहायचं की नुसतं ‘ताई’, यातच तीन कागद गेले. शेवटी ताईच ठेवलं. अकरा वर्षांनी लिहितोय. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते तसंच फाडलंस, तर पुढचं सगळं मी स्वतःलाच लिहिलं असं धरून चालेन.

निमित्त छकुलीचं आहे. तुझ्या लेकीने तुला न सांगता मला फोनवर एक ओळ पाठवली. तिच्यावर रागावू नकोस. टीव्हीवर नव्याने लागलेल्या एका मालिकेचं पोस्टर होतं आणि खाली लिहिलं होतं, “मामा, शेवटी नावं सरकतात त्यात तुझं नाव वाचलं. हे चित्र तुझं आहे ना? यातला माणूस बाबांसारखा उभा आहे.”

चित्र माझंच आहे. आता हे काय काम, ते सांगतो. कारखाना सोडल्यावर मी बरीच वर्षं स्वयंपाकघरातल्या कपाटांचे नकाशे काढत होतो. दोन वर्षांपूर्वी या मालिकावाल्यांना कुणीतरी माझं नाव सुचवलं. मालिका अंतराळयानांची आहे. पहिल्याच दिवशी दिग्दर्शक म्हणाला, “यान खोटं चालेल हो, पण पाइप खरे वाटले पाहिजेत. तुम्ही खरे बॉयलर काढलेत म्हणे.” म्हटलं, काढलेत. त्याने पुढे काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तेव्हापासून मी कधीही न उडणाऱ्या यानांची इंजिनं कुठे बसवायची, इंधनाच्या टाक्या कुठे ठेवायच्या, पाइप कुठून न्यायचे, हे ठरवतो. साठीला टेकलेला माणूस दिवसभर हे करतो आणि संध्याकाळी भाजी घेऊन घरी येतो. तू हसशील. हसलीस तर बरंच.

छकुली म्हणते त्या माणसाचं असं आहे. एवढ्या मोठ्या नकाशात आकार कळावा म्हणून आम्ही कुठेतरी एक माणूस काढतो. करंगळीएवढा, चेहरा नसलेला. त्याच्याकडे कुणी बघत नाही. टाकी किती उंच आहे तेवढं त्याच्यावरून कळतं. मी तो न बघताच काढतो. ऑफिसातली संगणकावर काम करणारी मुलगी माझा तो एक माणूस उचलते आणि सगळ्या यानांत चिकटवते. छकुलीची ओळ वाचल्यावर मी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. भार डाव्या पायावर, एक हात कमरेवर, मान किंचित वळलेली, मागून कुणीतरी हाक मारल्यासारखी.

भावोजी बॉयलरच्या काट्यांसमोर असेच उभे राहायचे.

त्या मुलीला विचारलं, असे किती चिकटवलेस? तिने मोजून सांगितलं, चारशे बारा. सात यानांच्या प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक टाकीजवळ, ताई, भावोजी उभे आहेत.

मी दुसरा माणूस काढून पाहिला. बसलेला काढला, बाई काढली, पाठमोरा काढला. पाठमोरा तर जास्तच ओळखीचा निघाला.

हे मी मुद्दाम केलेलं नाही, एवढंच सांगायला लिहिलं. दुसरं काही नाही.

तुझा धाकटा


१९ जून

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. पाकीट परत आलं नाही, तेवढ्यावर लिहितोय.

कामाबद्दलच लिहितो, ते मला सोपं जातं. यानाचा नकाशा मुळात साधा असतो. माणसं सगळ्यात पुढे, इंजिन सगळ्यात मागे आणि मधे लांबच लांब सांगाडा. इंजिन तापतं आणि नुसतं तापत नाही, त्यातून माणसाला मारणारे किरण निघतात. म्हणून माणसं आणि इंजिन यांच्या मधे काहीतरी जाड हवं. जाड भिंत उचलून न्यायची तर तिच्या वजनालाच इंधन पुरायचं नाही. मग मी इंधनाच्या टाक्याच मधे ठेवल्या. इंधन हीच भिंत. टाक्या जोडीजोडीने, डावी-उजवी एकदम रिकामी होणारी, नाहीतर यान एका अंगाला कलणार.

दिग्दर्शकाला हे फार आवडलं. मग त्याने विचारलं, “पण इंधन संपत आलं की?”

“की भिंत पातळ होते,” मी म्हटलं. “घर जवळ येतं तेव्हाच माणसं सगळ्यात उघडी पडतात.”

तो “तुम्हाला हे सुचतं कसं?” म्हणाला. मी पेन्सिलीला टोक काढत बसलो.

त्याची आणि माझी एकाच गोष्टीवरून जुंपते. त्याला इंजिनाची खोली कप्तानाच्या खोलीशेजारी हवी. म्हणतो, “नटाने धावत जायचं तर दोनशे मीटर कोण धावणार? निम्मा एपिसोड त्यातच जाईल.” मी म्हणतो, धावू दे. आजपर्यंत एकाही यानात मी माणसांची खोली टाकीला चिकटून दिलेली नाही.

आता खरी अडचण. अकराव्या भागात इंधनाची गळती होते. यानावरचा म्हातारा मेकॅनिक टाकीच्या खोलीत शिरतो, वॉल्व्ह बंद करतो, यान वाचतं आणि तो आतच मरतो. हे लिहिणारी मुलगी सव्वीस-सत्तावीसची आहे, हुशार आहे, मला काका म्हणते. तिने मला सांगितलं, “काका, असा नकाशा काढा की त्याला आत जावंच लागेल.”

मी काढला. तिने पाहिला आणि म्हणाली, “पण वॉल्व्ह तर बाहेर आहे.”

“बाहेरच असतो.”

“मग तो आत कशाला जाईल?”

“जाणार नाही.”

“काका, त्याला मरायचंय.”

दुसरा काढला. त्यात वॉल्व्ह आत ठेवला, पण भिंतीतून एक दांडा बाहेर काढला, बाहेरून फिरवायला. तिसऱ्यात दोन वॉल्व्ह, एक आत, एक बाहेर. चौथ्यात आत ठेवला, पण दाराच्या इतका जवळ की चौकटीत उभं राहून हात पोचावा. तिने चारही नकाशे टेबलावर ओळीने मांडले आणि हसायला लागली. “तुमच्या यानात कुणाला मरताच येत नाही.” सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो.

हात धुवायला गेलो तेव्हा नळ किती वेळ चालू ठेवला होता कोण जाणे. शिपाई विचारायला आला, बरं वाटत नाही का म्हणून.

वॉल्व्ह दाराबाहेर हवा, बंद करणारा माणूस उघड्यावर उभा हवा, हे वाक्य माझं नाही. ते भावोजींचं आहे. ते मला कधी म्हणाले, ते आज लिहीत नाही.

तुझा धाकटा


२६ जून

ताई,

माझ्या तोंडून बाहेर पडलं. मुद्दाम नव्हे, पण पडलं.

काल पाचवा नकाशा दिला. वॉल्व्ह आत, दारापासून अकरा पावलं, मधे कुठलाही दांडा नाही. दोन तासांत झाला. इतका पटकन हात कसा चालला म्हणून मीच चकित झालो आणि मग मापं पाहिली. अकरा पावलं मी शोधलेली नव्हती. ती मला पाठ होती.

त्या लिहिणाऱ्या मुलीने नकाशा घेतला आणि म्हणाली, “हा छान आहे. पण बघणारे विचारतील ना, वॉल्व्ह असा आत का ठेवला? एवढं मोठं यान बांधणाऱ्यांना अक्कल नव्हती का?”

मी म्हटलं, “अक्कल होती. आधी वॉल्व्ह बाहेरच होता. साहेबांना बाहेर जागा हवी झाली म्हणून भिंत आत घेतली, आणि भिंतीबरोबर वॉल्व्हही आत गेला. नकाशा काढणाऱ्याच्या नंतर लक्षात आणून दिलं होतं. त्याने दुरुस्तीचा नकाशाही काढला. पण तो पुढे पाठवला नाही, खणात ठेवला.”

“का?”

“पाठवला असता तर आधीचा चुकला हे कबूल करावं लागलं असतं.”

ती लिहायची थांबली. मला वाटलं, तिला कळलं. पण ती म्हणाली, “काका, हे तर मूळ गोष्टीपेक्षा भारी आहे. हे मी घेऊ? मेकॅनिक मेला हे कळल्यावर तो नकाशावाला काय करतो, तेवढं सांगा फक्त.”

मी म्हटलं, तीन आठवडे दे. त्या माणसाला आधी एकीला काही सांगायचंय.

ती म्हणाली, “वा, हे पण घेते.”

ताई, ती मुलगी वाईट नाही. तिला वाटलं मी गोष्ट रचतोय. हे टीव्हीवर येणार आणि तू छकुलीबरोबर बसून बघणार. त्याआधी तुला ते माझ्याकडून कळायला हवं. पुढचं पत्र वाचायचं नसेल तर उघडू नकोस. पण छकुलीच्या हाती पडू देऊ नकोस.


२ जुलै

ताई,

तुला जे माहीत आहे ते आधी लिहितो. मंगळवार होता, सकाळी सव्वाअकरा. कारखान्याच्या तेलटाकीच्या खोलीत पाइपाचा जोड फुटला. गरम तेलाचा फवारा उडाला, पेट घेतला. शेजारच्या पॅकिंग विभागात चाळीस माणसं होती, बहुतेक बायका. भावोजी बॉयलरवर होते. ते तोंडाला ओलं फडकं बांधून आत गेले, वॉल्व्ह बंद केला. चाळीसच्या चाळीस माणसं बाहेर आली. भावोजी वॉल्व्हपासून सहा पावलांवर सापडले. अजून पाच हवी होती.

आता तुला माहीत नसलेलं.

ती खोली माझ्या नकाशावर बांधलेली होती. पहिल्या नकाशात वॉल्व्ह दाराबाहेर, पायऱ्यांजवळ होता. मग साहेब म्हणाले, त्या बाजूला ट्रक वळायला जागा नाही, भिंत अडीच मीटर आत घ्या. मी घेतली. पाइप बाहेरून फिरवायला जागा उरली नाही, म्हणून वॉल्व्ह आत टाकला. कागदावर ते फार नीटनेटकं दिसत होतं. नकाशा मंजूर झाला, बांधकाम झालं.

खोली चालू झाली त्या आठवड्यात भावोजी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आले. डबा हातात तसाच. नेहमीसारखे चेष्टेत म्हणाले, “काय नकाशेसाहेब, वॉल्व्ह बंद करायला आत जायचं म्हणजे विहिरीला आग लागल्यावर विहिरीत उतरण्यासारखं आहे. तो दाराबाहेर हवा. बंद करणारा माणूस उघड्यावर उभा हवा.”

मी म्हटलं, “विहिरीला आग लागत नाही, भावोजी.”

ते हसले नाहीत. म्हणाले, “बघ बाबा. तिथे मी असणार आहे.”

त्याच दुपारी मी दुरुस्तीचा नकाशा काढला. पाइप छतातून नेऊन बाहेर उतरवायचा, बस. फिटरला एका दिवसाचं काम. नकाशाचा क्रमांक सतरा-ब. पण हेड ड्राफ्ट्समनची जागा रिकामी झालेली होती, पुढच्याच आठवड्यात नाव जाहीर व्हायचं होतं, आणि माझं होईल असं सगळे म्हणत होते. त्या आठवड्यात साहेबांपुढे जाऊन ‘माझा नकाशा चुकला’ म्हणायला जीभ उचलेना. म्हटलं, नाव होऊ दे, मग देतो. नाव झालं. तुम्ही दोघं पेढे घेऊन आला होतात. मग वाटलं, नव्या जागेवर बसल्या बसल्या पहिली गोष्ट हीच कशी न्यायची. असे पाच महिने गेले.

विसरलो होतो असं मला म्हणता येईल. विसरलो नव्हतो. पट्टी काढायला रोज तोच खण उघडायचो.

भावोजींनी त्यानंतर एकदाही विषय काढला नाही. मला वाटलं, त्यांनी माझ्यावर सोडलं. माझा मेहुणा आहे, करेल, असं. तेच जास्त टोचतं.

चौकशीत मला विचारलं, वॉल्व्हच्या जागेबद्दल कुणी तक्रार केली होती का? तू दुसऱ्या रांगेत होतीस, छकुली तुझ्या शेजारी, शाळेच्या गणवेशात. मी म्हणालो, नाही, कुणीच नाही. तू मान खाली घातलीस. त्या क्षणी मला खात्री पटली की भावोजींनी तुला घरी सांगितलं होतं आणि मी खोटं बोललो हे तुला कळलं. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस आणि का, हे मी कधी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

सतरा-ब मी चौकशीच्याच दिवशी खणातून घरी आणला. फाडायला म्हणून आणला होता, फाडवला नाही. या पाकिटात आहे. त्याच्यावर तारीख आहे, माझी सही आहे. तो कुणाला दाखवायचा, कुठे न्यायचा, ते तू ठरव. मी कुठेही येऊन हे सगळं पुन्हा बोलेन.

यानांतून मी त्या माणसाला काढून टाकायला सांगितलं होतं. संगणकावरच्या मुलीने पुसला. आता टाक्या केवढ्या आहेत ते कळत नाही, आणि मोकळ्या जिन्यांकडे बघितलं की कुणीतरी नुकतंच खाली उतरून गेल्यासारखं वाटतं. सहाव्या यानाच्या इंजिनखोलीच्या नकाशावर मी काल तासभर पेन्सिल धरून बसलो. वॉल्व्ह बाहेर काढला, भिंत जाड केली, दार रुंद केलं. तरी कागदावरून उठवेना. आत कुणी राहिलं तर, असं वाटत राहिलं.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही.


१३ जुलै

धाकट्या,

तुझी चारही पत्रं मिळाली. पहिलं आठ दिवस पिठाच्या डब्यामागे होतं. मग एका बैठकीत वाचलं. शेवटचं आलं त्या दिवशी शिकवणीच्या मुलांना सुट्टी दिली.

तुझ्यासारखं मला लिहिता येत नाही, तरी लिहिते, कारण तुझ्या पत्रात एक गोष्ट चुकली आहे. तू लिहितोस, त्यांनी त्यानंतर विषय काढला नाही, तुझ्यावर सोडलं. त्यांनी सोडलं नव्हतं. मी त्यांना गप्प बसवलं.

तुझ्याशी बोलणं झालं त्याच्या महिनाभराने ते घरी म्हणाले, हा काही करत नाही, आता मी मोठ्या साहेबांना अर्ज देतो. त्यांनी अर्ज लिहिला. दीड पान होता. त्यांचं अक्षर तुला माहीतच आहे, कोंबडीचे पाय. त्यांचे सगळे कागद मीच चांगल्या अक्षरात उतरवून द्यायचे, तसा हाही माझ्याकडे दिला. मी वाचला. त्यात नकाशा कुणी काढला ते लिहिलं होतं. तू नुकताच हेड झाला होतास. मी म्हटलं, अहो, माझा भाऊ आहे, त्याची नोकरी जाईल. ते म्हणाले, नाही जात, फार तर बोलणी खाईल. मी म्हटलं, बरं, उतरवते.

उतरवला नाही. रोज सकाळी डबा भरताना विचारायचे, झाला का? मी म्हणायचे, आज करते. कधी पाणी आलं नव्हतं, छकुलीची परीक्षा होती, माझं डोकं दुखत होतं. चार महिने, धाकट्या. त्या मंगळवारी सकाळीही विचारलं. मी म्हटलं, आज नक्की. ते म्हणाले, राहू दे, तुला जमत नसेल तर मीच आहे तसा देतो. आणि शोधायला वेळ नव्हता म्हणून तसेच गेले.

चौकशीत तू ‘कुणीच नाही’ म्हणालास तेव्हा मी मान खाली घातली, ती तुझा राग येऊन नव्हे. माझा जीव भांड्यात पडला म्हणून. अर्जाचं आता कुणाला कळणार नाही, असं मनात आलं. नवरा जाऊन अकरा दिवस झाले होते आणि माझ्या मनात हे आलं. तुझ्याकडे बघितलं असतं तर तुला ते दिसलं असतं. म्हणून त्या दिवशी बघितलं नाही, आणि मग कधीच नाही. लोकांना वाटलं मी तुला दोष देते. मी वाटू दिलं.

तुला निदान कागद फाडवला नाही. मी तो अर्ज त्याच संध्याकाळी गॅसवर धरला आणि राख बेसिनमध्ये धुतली. त्यांच्या हातचं शेवटचं लिहिलेलं ते होतं.

त्या लिहिणाऱ्या मुलीला सांग, खुशाल लिही. बायकोही घाल म्हणावं.

राहिली छकुली. ती अजून सांगत फिरते की तिचे बाबा चाळीस माणसांसाठी स्वतःहून आत गेले. ते खरंच आहे, ते कुणी काढून घेत नाही. पण त्यांना आत जावं का लागलं, ते तिला माहीत नाही. मी दोनदा सांगायला बसले. एकदा तिने पाणी आणून दिलं, एकदा तिला झोप आली. मला एकटीला होत नाही.

रविवारी सकाळच्या गाडीने ये. ती घरी असते. सुरुवात तू कर, कारण तुझा कागद आहे. तू थांबलास की पुढचं मी बोलेन. मधे ती उठून गेली तर तिच्या मागे जायचं नाही, आपण दोघांनी तिथेच बसून राहायचं.

ताई